विरजणाची वाटी

आई, पुंडलिकनगरच्या आपल्या घरात मी परत राहायला आले, हे तुला सांगायचं राहूनच गेलं. पुण्याच्या कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली, त्याच सुमाराला भाडेकरू सोडून गेले, म्हटलं चला, आपलं घर आहे. आता दोन वर्षं होतील. दिवसभर लॅपटॉपवर माणसांशी बोलते, पण सगळं कामापुरतं. संध्याकाळी तो मिटला की घरात फ्रिज तेवढा बोलतो. रविवारी तर तोही मला कंटाळतो. मध्यंतरी एका दलालाला घर दाखवून ठेवलं. गिऱ्हाईक तयार आहे म्हणतो, होकार तेवढा मी द्यायचा. त्याआधी शेवटचा खटाटोप म्हणून मी मंडळ काढलं. गावात लिनक्सवाली चार माणसं जमली तर राहायचं, नाहीतर घर विकून पुण्याला जायचं, असं मनाशी ठरवून टाकलं.

हसू नकोस. तुझं भजनी मंडळ होतं, माझं हे. लिनक्स म्हणजे काय ते मी तुला एकदा सांगितलं होतं. तू ओट्याशी उभी, दूध कोमट झालं का ते करंगळीनं बघतेयस. कॉम्प्युटर चालवणारी ही गोष्ट लोक मिळून करतात, कुणालाही देतात, घेणाऱ्यानं हवी तशी बदलायची आणि पुढं द्यायची. तुझ्या विरजणासारखंच गं, दिलं म्हणून आपलं कमी होत नाही. मला माझ्याच उपमेचं कोण कौतुक! तू म्हणालीस, "विरजण न्यायला आलेली बाई पायरीवर घटकाभर बसती. तुझं ते नेणारं कोण येतंय बसायला?" ते सगळे इंटरनेटवर भेटतात, मी म्हणाले. "मंग ऱ्हाऊ दे," म्हणून तू भांड्यावर झाकण ठेवलंस.

विरजणावरून तू मला एकदाच रागावली होतीस. मी सातवी-आठवीत असेन. शाळेतून आले आणि साखर घालून भांड्यातलं सगळं दही चाटूनपुसून खाल्लं. "खाल्लंस ते खाल्लंस, चमचाभर ठिवायचं कळत नाय? आता दुधाला काय लावू, माझं डोकं?" माझ्या हातात वाटी देऊन तू मला शेजारच्या काकूंकडं पिटाळलंस. मी दारातच अडले, मागायची लाज वाटते म्हणाले. "लाज कशाची? तिनं आपल्याकडूनच नेलंय. आपलंच हाय ते. आन् दिवे लागायच्या आत जा, मंग कुणी देत नसतंय." काकूंनी वाटी तर दिलीच, वर शेंगदाण्याचा लाडू देऊन केवढा तरी वेळ बसवून घेतलं.

तर माझं मंडळ. वाचनालयात, कॉलेजांच्या फलकांवर चिठ्ठ्या लावल्या: मुक्त सॉफ्टवेअरप्रेमींची बैठक, दर रविवारी दुपारी, खाली आपला पत्ता. पहिल्या रविवारी शहागंजातून खारी आणली, बाहेरच्या खोलीत सतरंजी घातली, तुझ्या मोठ्या पातेल्यात चहाचं आधण ठेवलं. कुणीही आलं नाही. पुढचा आठवडाभर मी खारीवरच होते. दुसऱ्या रविवारी एक गृहस्थ आले. त्यांनी 'मुक्त'चा अर्थ सरळ 'फुकट' असा लावला होता. "मॅडम, फुकट काय काय देताय?" मी लिनक्सचा पेनड्राइव्ह पुढं केला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला, "बस, इतनाच?" म्हणाले, आणि चहा पिऊन गेले. उत्साहावर विरजण पडलं म्हणतात ते हेच. तुला तसं म्हटलेलं खपायचं नाही. "विरजण पडलं की दहीच होतंय, वाटोळं काय होतंय?" म्हणून विरजणाची बाजू घ्यायचीस.

काल, तिसऱ्या रविवारी, दौलताबादकडच्या एका शाळेतले गुरुजी आले. शाळेला कुणीतरी जुने कॉम्प्युटर दिलेत, पण ते सुरू होईपर्यंत तास संपतो, म्हणाले. लिनक्सनं धावतील का? धावतील, म्हटलं. त्यांनी सोबत स्वतःचा जुना लॅपटॉप आणला होता, त्यावर दोघांनी मिळून ते बसवलं. पडद्यावर झटक्यात मराठी अक्षरं उमटली तसे ते सतरंजीवरून अर्धे उठलेच. "आयला! माफ करा हां मॅडम." मी मोठ्यानं हसले. आपलं हसणं असं ऐकू येतं, हे मी विसरूनच गेले होते. पुढच्या वेळी आणखी एका गुरुजींना घेऊन येतो, म्हणाले. मग चपला घालता घालता सहज बोलून गेले, "तुमचं घर सापडंना, म्हणून बाजूच्या आजींना विचारलं. त्या म्हणल्या, ती व्हय, आमच्या मैतरणीची लेक. परत आल्याला दोन वर्षं झाली, एकदा बी आली नाय इकडं."

बाजूच्या आजी म्हणजे आपल्या त्याच काकू, आई.

आज दलालाचा फोन आला, थोडं थांबा म्हटलं. घरात दही पाकिटातलं येतं, आई. तुझं विरजण तुझ्यामागं इथं टिकलं नाही. काकूंकडं ते असणारच, त्यांच्या घरी रोज लागत असेल. मी साऱ्या गावाला चिठ्ठ्या लावून घरी बोलावलं, आणि भिंतीपलीकडं वाटी घेऊन गेले नाही. मला एकटं वाटतं, फार वाटतं. आणि त्यांच्या दाराकडं निघायचं म्हटलं की तीच शाळेच्या वयातली लाज आडवी येते.

दुपारी वाटी घासून ओट्यावर ठेवली आणि मग हे लिहायला बसले. खरं सांगू? हे लिहिणं इतकं लांबवायचं काही कारण नव्हतं. आता समोरच्या घरात दिवा लागलाय. दिवे लागल्यावर विरजण कुणी देत नसतं, तूच सांगितलंयस.