सुमनच्या सीटवरचा कापूस

मारेगाव, रविवार, १५ जानेवारी २००६, संध्याकाळ

गाडीच्या पुढच्या चाकांचं काम आज अंगणातच संपवलं. नवे शॉकअप, सांध्यांतले नवे रबरी बुश. हे बुश दसऱ्याआधीच आणले होते, डबा कपाटात तसाच पडून. काहून? तर आधी कापूस वेचणी उरकू म्हणून! आणि त्याच गाडीतून सुमनला दर आठवड्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेत होतो. प्रत्येक खड्ड्यात पुढून ठक्क वाजायचं आणि ती पोट धरून म्हणायची, "हळू चालवा ना जी, लागते."

तिला जाऊन आता दीड महिना झाला. आता बसवतोय बुश.

शेवटचे बोल्ट आवळताना शेजारचे गणूभाऊ ओरडले, "मास्तर, रिकाम्या गाडीत नका आवळू! मंग वजन आलं का बुश पिळून फाटते. बसवा कोणाले तरी."

कोणाला बसवू? मागच्या खेपेला बोल्ट आवळताना तीच बसली होती, मांडीवर तुरीच्या शेंगा सोलत.

भाव नाही म्हणून समोरची खोली कापसाने भरलेली आहे. त्यातली दोन पोती तिच्या सीटवर ठेवली. शेवटी दवाखान्यात वजन केलं तेव्हा ती या दोन पोत्यांहून हलकी भरली होती.

मग पोत्यांसकट गाडी नाल्याच्या पुलापर्यंत नेली. कुठेच आवाज नाही. पुलाआधीचा तो मोठा खड्डा आला. सवयीने ब्रेक दाबला आणि तिकडे न पाहताच विचारलं, "लागलं काय वं?"

पोती जागची हललीसुद्धा नव्हती.