आठ दिवसांची हजेरी

शुक्रवार, १६ जानेवारी २०२६
शाळेतून, मधल्या सुट्टीत

पुतळाबाई,

नमस्कार. संक्रांत परवाच झाली म्हणून जयरामभाऊंच्या हाती पत्राबरोबर तिळगुळाची पुडी देते आहे. देवरामभाऊंचा खांदा आता बरा असेल असं धरून चालते. मळ्यावर काढणी सुरू व्हायच्या बेतात असेल, तुम्हा दोघांना बसायलाही सवड नसेल. तरी हे पत्र तुम्ही स्वतः वाचा, मुकादमाकडून वाचून घेऊ नका. तुम्ही सातवी शिकला आहात. मी अक्षर मोठं काढते. सावकाश वाचलंत तरी चालेल, पण शेवटपर्यंत वाचा.

इकडचं सगळं ठीक आहे. तुमच्या सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. आता बयाबाई रस्त्यावरून येणारा माणूस लांबूनच ओळखतात. शाळा सुटायच्या वेळी रोज कुंपणाशी येऊन बसतात आणि शेवटचं मूल गेलं की उठतात. मी त्यांना काही म्हणत नाही.

निमित्त आमंत्रणाचं आहे. सोमवारी, २६ तारखेला झेंडावंदन झालं की मुलांचे नाच, आणि मग माता-पालक मेळावा. आपण तो हळदीकुंकवाबरोबर रथसप्तमीला घेतो. यंदा रथसप्तमी रविवारी आली म्हणून दुसऱ्या दिवशी ठेवला. बाकी रीत तीच. मूल पट्टीवर पुढे, आई त्याच्या मागे. मी मुलाचं नाव पुकारायचं आणि त्या एका दिवशी आईने ‘हजर’ म्हणायचं. तुम्ही दोनदा म्हणाला आहात. पहिल्या वर्षी इतक्या हळू म्हणालात की ललिता मागे वळून म्हणाली, “आये, मोठ्यानं सांग, बाईंना ऐकू नाय जात.” सगळ्या बाया हसल्या होत्या.

आमंत्रणाची कार्डं मुलंच करतात. गेरूने रंगवलेला कागद, त्यावर तांदळाच्या पिठात बुडवलेल्या हाताचा ठसा. यंदा पट अठराचा आहे. गेल्या शुक्रवारी, नऊ तारखेला, मी अठरा कागद मोजून दिले. ओट्यावर वाळत घातलेली कार्डं गोळा केली तर ती एकोणीस भरली. पुन्हा मोजली, तरी एकोणीस. जास्तीच्या कार्डावर तुमचं नाव होतं.

मी मुलांना रागावले नाही. कुणी केलं एवढंच विचारलं. मग एकेकाचा हात त्या ठशावर ठेवून पाहिला. पाच मुलांचे हात बरोबर बसले. त्या वयात हात सारखेच असतात, म्हणजे त्या पाचांपैकी कुणीतरी केलं असणार. पण फळ्यावर मी ‘२६ जानेवारीला ये’ असं लिहून दिलं होतं, आणि अठरा कार्डांवर तेच आहे. या एकावर ‘रथसप्तमीला ये’ असं आहे. मागच्या वर्षीच्या कार्डांवर तसं होतं. मागच्या वर्षीचंच एखादं कपाटात राहिलं असेल म्हणावं, तर पीठ अजून ओलं होतं, माझ्या बोटाला लागलं. आणि ललिताने केलेलं कार्ड तर तुमच्याकडे आहे. तुम्हीच ते पोलिसांना दाखवलं होतं.

हे कार्ड पत्रात घालते आहे. ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

वर्गातलं आणखी एक सांगायला हवं. ललिताचं नाव हजेरीपटातून जूनमध्ये कमी केलं. तिच्या जागी आता दत्तूचा नंबर येतो. मी दत्तूचं नाव घेतलं की तो लगेच ‘हजर’ म्हणत नाही. थोडा थांबतो. वर्गही थांबतो, कुणी खोकतसुद्धा नाही. मग तो म्हणतो. मला वाटलं, मुलांची सवय आहे, जाईल हळूहळू. पण पहिलीत जूनमध्ये आलेली सविता ललिताला ओळखतसुद्धा नाही. तीही तिथे मान खिडकीकडे करून थांबते. एकदा मी तिला म्हटलं, बाळ, तू कशाला थांबतेस? तर म्हणाली, “ती सांगते ना बाई, हळूच.”

मला हे तुम्हाला सांगायचं नव्हतं. सांगितलं, कारण पुढचं लिहायला धीर होईना म्हणून मी पानं भरते आहे, हे माझं मलाच कळतं आहे. आता लिहिते.

गेल्या शनिवारी घरी नाशिकला जायला मी फाट्यावर एसटीची वाट बघत होते. तिथे चहाचं दुकान चालवणाऱ्या सिंधुबाई तुम्हाला माहीत आहेत. यंदा रथसप्तमी रविवारी आली, असं त्या बोलता बोलता म्हणाल्या. मागल्या साली मंगळवारी होती, अंगणात दूध उतू घातलं होतं, आणि शाळेच्या कपड्यातली एक पोर त्यातलं एवढंसं दूध मागून प्यायली होती. लाल रिबिनी नव्याकोऱ्या होत्या, म्हणून ती लक्षात राहिली. सिंधुबाईंनी तिला विचारलं, एकटी कुठे निघालीस? तर पोर म्हणाली, “आईला आणाया. आज शाळेत आई लागते.” आणि नाशिकच्या गाडीत चढली.

हे कुणाला सांगितलं का नाही, असं मी सिंधुबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “सांगणार व्हते की. पन तुमची पोर तर बारा तारखेपर्यंत शाळेत व्हती ना, बाई? सगळे तेच म्हनत व्हते, वहीत लिव्हलंय म्हून. मंग मीच म्हटलं, ती दुसरी असंल.”

पुतळाबाई, ते वहीत मी लिहिलं होतं.

आता तारखा लिहिते, म्हणजे मला इकडेतिकडे सरकता येणार नाही. गेल्या वर्षी रथसप्तमी ४ फेब्रुवारीला होती. तुमचा निरोप आदल्या दिवशी आला होता, की काढणी लवकर लागली, मालक सोडत नाही, येणं होणार नाही. तो निरोप मीच ललिताला सांगितला. तिने फक्त मळा कुठे आहे ते विचारलं. मला वाटलं, सहज विचारते आहे. पिंपळगावच्या बाजूला, मोठ्या पाण्याच्या टाकीजवळ, असं मी सांगितलं. तुम्हीच मला कधीतरी सांगितलेलं ते मी तिला सांगितलं.

तुम्ही आला नाहीत म्हणून ती गेली, असं मी म्हणत नाही. वाक्य लिहून झाल्यावर वाटलं, मी तसंच म्हणते आहे की काय. म्हणून स्पष्ट लिहिते. तुमचा काही दोष नाही. लेकराने आईला आणायला निघावं यात दोष कुणाचाच नाही. दोष आहे तो ती निघाल्यानंतरचा.

मेळाव्यात मी तिचं नाव पुकारलं. मागून ‘हजर’ असं ऐकू आलं. बाईचा आवाज, दबका, तुम्ही पहिल्या वर्षी म्हणाला होतात तसा. मला वाटलं, मालकाने सोडलं वाटतं, आल्या पुतळाबाई. मी खूण केली आणि पुढचं नाव घेतलं. हळदीकुंकू लावत त्या बाजूला गेले तेव्हा खिडकीशेजारी पुढची जागा रिकामी होती आणि मागचीही.

आवाज कुणाचा होता ते मला आजही माहीत नाही. पण जागा रिकामी पाहिल्यावर ती खूण खोडायला हवी होती. नाही खोडली. पट बरोबर विसाचा होता. विसाच्या खाली गेला तर आपली शाळा दुसऱ्या शाळेत मिळवतील अशी तेव्हा बोलवा होती. सुगीला गेलेल्या आईबापांमागे मुलं आठ-आठ दिवस येत नाहीत, आणि त्यांच्या हजेऱ्या आम्ही भरतो. सगळेच भरतात असं म्हणून मी स्वतःला सोडवत नाही. पण हात त्या सवयीने चालला, हे खरं आहे. ४, ५, ६, ७, ८, १०, ११, १२. आठ खुणा आहेत, सगळ्या माझ्या अक्षरात.

सात तारखेला, शुक्रवारी, तुमचा फोन आला होता. तुम्हाला आठवत असेल. तुम्ही म्हणालात, “बाई, पोर रुसली असंल माझ्यावर. येती ना शाळंत?” हजेरीपट माझ्यासमोर उघडा होता. मी त्यात बघितलं आणि म्हटलं, हो, रोज येते.

मान वर करून खिडकीकडे बघितलं असतं तर! वर्ष झालं, मी रोज तो फोन पुन्हा घेते आणि मान वर करते.

बयाबाईंना वाटत होतं, पोर मामाकडे आहे. मामाला, म्हणजे जयरामभाऊंना वाटत होतं, आजीकडे आहे. दोघांनीही माझ्याकडे चौकशी केली होती, दोघांनाही मी तेच सांगितलं. बारा तारखेला एका लग्नात ते दोघे भेटले तेव्हा उलगडलं. तेरापासून पोलिसांनी शोध घेतला तो पाड्याच्या रानात, नदीच्या डोहात, विहिरींत. नाशिकच्या रस्त्यावर कुणी विचारलं नाही. कशाला विचारतील? पोर बाराला दुपारी शाळेत होती ना.

पोलिसांनी मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले का? मी म्हटलं, “हजेरीपटात आहे.” रंगनाथ सर मुख्याध्यापक, त्यांनीही तेच सांगितलं, सरकारी कागद आहे म्हणाले. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. मग मी मुलांना एकेकटं बोलावून विचारलं. माझी इच्छा होती की कुणीतरी म्हणावं, बाई, ती नव्हती. एकानेही तसं म्हटलं नाही. सगळे म्हणाले, होती की, खिडकीपाशी, ‘हजर’ म्हणायची ना. खिचडी करणाऱ्या ठमाबाई म्हणाल्या, तुम्ही वीस सांगितले, वीस ताटं वाढली, वीस विसळली, भात उरला नाही एकही दिवस.

या सगळ्याच्या आधाराने मी वर्ष काढलं. ती कुठल्यातरी रूपाने वर्गात होती, मी फक्त जे ऐकलं ते लिहिलं, असं मला मानता आलं असतं. कधी कधी दुपारी खिडकीतून पट्टीवर ऊन येतं आणि तेवढ्या जागेत सावली असते, झाड नसताना. तेव्हा मला ते अगदी खरं वाटतं. पण त्यात माझी सुटका आहे, आणि म्हणूनच मला त्याचा भरवसा धरता येत नाही.

मी रोजनिशी लिहिते, कॉलेजपासूनची सवय. मागच्या वर्षीची वही नाशिकच्या घरी कपाटात होती. वर्षभर मी ती उघडली नव्हती. का उघडली नव्हती, हेही मी आता स्वतःपासून लपवत नाही. सिंधुबाई भेटल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी उघडली. चार फेब्रुवारीच्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: ‘मेळावा छान झाला. पुतळाबाई आल्या नाहीत. ललिताही नाही. मग हजर कोण म्हणालं? उद्या चौकशी करावी.’ पाच तारखेला: ‘खिडकीशी आजही रिकामं. उद्या मामाकडे विचारावं.’ सहा तारखेला हळदीकुंकवाच्या वाणांबद्दल आहे, ललिताचं नाव नाही. त्यानंतर कुठेच नाही.

म्हणजे मला माहीत होतं.

शनिवार, १७ जानेवारी

पत्र काल इथेच थांबलं. घंटा झाली हे कारण खरं आहे, पण पुरेसं नाही.

मी आता काय करणार ते लिहिते. सोमवारी, १९ तारखेला, सकाळी मी तालुक्याला पोलिसांकडे जाणार आहे. हजेरीपट आणि रोजनिशी दोन्ही नेईन. सिंधुबाई येते म्हणाल्या आहेत. शोध बारापासून नाही, चार तारखेच्या सकाळपासून धरा, फाट्यापासून पेठ नाक्यापर्यंत आणि तिथून पिंपळगावच्या रस्त्याने, असं लिहून देईन. वर्ष गेलं आहे. काय हाती लागेल ते मी सांगू शकत नाही, आणि आशा दाखवायचा मला अधिकार नाही. पण नव्या रिबिनी लावलेली, आईकडे निघालेली पोर त्या रस्त्यावर कुणीतरी पाहिली असणार. त्यांना आजवर कुणी विचारलेलंच नाही.

पोलिसांच्या आधी तुम्हाला कळायला हवं, म्हणून हे पत्र. तुम्ही आलात तर मी पोलिसांसमोर तुमच्या शेजारी उभी राहीन. तुम्हाला मी नजरेसमोर नको असेन, तर लांब उभी राहीन. माझी नोकरी जाईल बहुतेक. रंगनाथ सरांना काल हे सांगितलं, तर म्हणाले, मेळावा होऊ द्या, मग बघू. मी नाही म्हटलं.

आज सकाळी हजेरी घेताना पानाच्या तळाशी मी ललिताचं नाव पुन्हा लिहिलं आणि शेवटी पुकारलं. अठराही पोरं खिडकीकडे बघायला लागली. काय ऐकू आलं ते मी इथे लिहीत नाही. लिहिलं तर तुम्ही त्यावर विश्वास ठेवाल, आणि मला तुमच्या वाटेत तेवढंही आडवं यायचं नाही. मी नावापुढे ‘गैरहजर’ लिहिलं. मुलं अस्वस्थ झाली. दत्तू म्हणाला, “बाई, असं कसं?” मी त्याला सांगितलं, गैरहजर लिहिलं की बाळा, शोधायला निघावं लागतं.

मेळाव्याला मला उभं राहू दिलं तर सगळ्या आयांसमोर मी तिचं नाव घेईन आणि हे सगळं सांगेन. तुम्ही याल की नाही, मला माहीत नाही. आलात तर खिडकीशेजारची मागची जागा तुमची आहे. फक्त एक विनंती. नाव पुकारल्यावर ‘हजर’ म्हणू नका. कुणी म्हटलं, तरी वळून बघू नका. बयाबाईंसारखं बाहेर बघा, रस्त्याकडे.

तुमच्या लेकीला आठ दिवस कुणालाही शोधू न देणारी,
उज्ज्वला