साबण लावून भरलेल्या बांगड्या

वाकोला, बुधवार, नोव्हेंबर १९८४

प्रेशर फार वाढलंय, आजच अ‍ॅडमिट व्हा, असं डॉक्टरीणबाई सकाळी म्हणाल्या. सासूबाईंचं म्हणणं, रविवारी डोहाळजेवण उरकू, मग जा. माझे हातपाय सुजलेत आणि त्या शेजारणींना कौतुकानं सांगतात, "बघा, कशी अंगानं भरलीय." दुपारी कासाराला बोलावून हिरव्या बांगड्या भरल्या, त्याही साबण लावून.

यांना सांगितलं तर म्हणे, "आईचं मन कशाला मोडतेस?" माझं डोकं फुटतंय, डोळ्यांपुढे काजवे चमकतायत, ते कोणी बघायचं? संध्याकाळी बांगड्या मनगटात रुतायला लागल्या, साबणानंही निघेनात. शेवटी मोरीच्या कठड्यावर हात आपटून सगळ्या फोडल्या.

सासूबाई किंचाळल्या, "सवाष्णीनं बांगड्या फोडायच्या?" दिवसभरात पहिल्यांदा त्या घाबरल्या, तेही आपल्या मुलासाठी.

चालेल. हे रिक्षा आणायला गेलेत.