पाहुणीचं नाव

मु. निलंगा, जि. लातूर
(हात अजून उस्मानाबाद लिहायला जातो. खोडाखोड दिसली तर समजून घ्यावे.)

तीर्थस्वरूप शिवलिंग दाजी यांच्या पायांशी मन्मथचा शरणार्थ. अक्कालाही शरणार्थ. तुमची प्रकृती कशी आहे? अर्धापूरच्या केळी तग धरून आहेत ना? अक्काचे गुडघे कसे आहेत? (तिच्या गुडघ्यांना काहीही झालेलं नाही हे तुम्हालाही ठाऊक आहे आणि मलाही. पण विचारलं नाही तर ती विचारील, का विचारलं नाही म्हणून.) इकडे आम्ही सगळे सुखरूप आहोत असं पत्रात लिहायची रीत आहे, म्हणून लिहितो.

दाजी, हे पत्र तुम्ही अक्काला मोठ्यानं वाचून दाखवणार, त्याला माझी ना नाही. फक्त कंसातला मजकूर मनात वाचा, आणि मध्येच थांबल्यासारखं वाटू नये म्हणून तेवढा वेळ खोकत चला. (इथं खोका.)

आमच्या निलंगा–नांदेड गाडीचं बरं चाललंय. म्हणजे मी तिच्यात कंडक्टर असून अजून जिवंत आहे. जाताना शेवटच्या सीटखाली रिकाम्या घागरी असतात, येताना त्याच नांदेडहून भरून येतात. आता अर्ध्या गाडीचं नातं गोदावरीशी आहे. हे कायद्यात बसतं की नाही मला माहीत नाही, पण रस्त्यात कुठं तपासणीची जीप दिसली की माझ्या पायातलं पाणी आधी पळतं आणि घागरीतलं नंतर हिंदकळतं. जिल्हा नवा झाला तेव्हा स्टँडवर लोकांनी जिलेबी वाटली होती. जिलेबी खाऊन झाल्यावर हात धुवायला पाणी मागितलं तर ज्यानं त्यानं दुसऱ्याकडं बोट दाखवलं. तेव्हापासून गाडीतलं प्रत्येक माणूस आपण जिल्ह्याच्या ठिकाणचे म्हणून ताठ बसतं, आणि उतरताना तहानेनं वाकून उतरतं. असो.

आता मूळ गोष्ट. बारसं का लांबवलं, आत्याला का बोलावलं नाही, म्हणून अक्का रुसली आहे असं कळलं. खरं कारण सांगतो. पहिल्या मुलाला आपण आबांचं नाव ठेवलं, दुसरीला आईचं. रीतच आहे ती. दोघंही बसायला लागायच्या आत गेली. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि माझ्या सासूबाई पार्वतम्मा तर देगलूरच्या, त्या पाणीही फुंकून पितात. (मिळालं तर.) ही तिसरी झाली तेव्हा त्यांनी निकाल दिला की गेलेल्या माणसाचं नाव ठेवलं की ते माणूस लेकराला आपल्याकडं बोलावून घेतं. तेव्हा हिला असं नाव पाहिजे, जे कुण्या मेलेल्याचं नाही आणि जित्याचंही नाही. आणि लेकरू आपलं आपण बसेपर्यंत ते नाव घरात कुणी उच्चारायचं नाही. तोवर तिला सगळ्यांनी 'पाहुणी' म्हणायचं. कुणी शोधत आलं तर त्याला वाटावं की लेकरू या घरचं नाहीच. मी हसलो नाही. मलाही तशीच भीती होती, फक्त मला ती इतकी नीट मांडता येत नव्हती.

शेजारणी म्हणाल्या, दगडी म्हणा, धोंडी म्हणा, नजर लागत नाही. पण गुणा म्हणाली, माझ्या लेकीला मी दगड म्हणणार नाही. नाव तिनंच काढलं. आमच्या मागच्या कडुलिंबाच्या फांद्या चाऱ्यासाठी तोडून नेल्या, नुसतं खोड राहिलं. त्या खोडाला एक दिवस लालसर पान फुटलं. गुणा सातवीपर्यंत शिकलेली. ती माझ्या कानाशी येऊन म्हणाली, पल्लवी. सासूबाईंच्या कानावर घातलं. त्यांनी डोळे मिटून देगलूर ते निलंगा सगळी सोयरीक आठवली आणि म्हणाल्या, "न्हाई ऐकलं कंदी. पर खात्री करा जावईबापू. गावोगाव फिरता न्हवं तुमी."

दाजी, मी भित्रा माणूस आहे, आणि भित्रा माणूस खात्री फार करतो. दुसऱ्या दिवसापासून मी तिकीट फाडायचो आणि हळूच विचारायचो, तुमच्या गावात पल्लवी नावाची कुणी बाई, पोर, म्हातारी, जिती किंवा मेली, आहे का? लोक म्हणायचे, न्हाई बा, हरवली का? मी म्हणायचो, हरवली नाही, नावच नवीन आहे. मग ते अर्थ विचारायचे. अर्थ न सांगणं बरं दिसेना. सगळं वाळून गेल्यावर खोडाला जे पहिलं कोवळं पान फुटतं, ती पल्लवी, असं मी सांगायचो. (चांगलं सांगायचो. पुढं पुढं तर नोटा गोळा करायच्या थांबवून सांगायचो.) गाडीतल्या बाया खिडकीबाहेरच्या काळ्या उघड्या रानाकडं बघत राहायच्या. शेवटी मी विजयानं म्हणायचो, आणि हे नाव आख्ख्या जिल्ह्यात कुणाचं नाही! आमचा ड्रायव्हर व्यंकटी तर अहमदपूर आलं की मान वळवून ओरडायचा, "मास्तर, नवे पाशिंजर बसले, ह्यांस्नी बी इचारा." लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा, सगळीकडं विचारलं. कुठंही पल्लवी निघाली नाही. अशी खात्री माझ्या बापजन्मी मी कशाची केली नव्हती.

मग मागच्या पंधरवड्यात नांदेडला जाताना चाकूरच्या अलीकडं रेडिएटर तापलं. घागरी रिकाम्या. शेजारी दुष्काळी काम चालू होतं, बाया खडी फोडत होत्या. एका लिंबाला झोळ्या बांधलेल्या, आणि त्या सांभाळायला धुरपताबाई नावाची म्हातारी. मी तिच्याकडं तांब्याभर पाणी मागितलं. तेवढ्यात एका झोळीतलं लेकरू रडायला लागलं. धुरपताबाईनं तोंडाला हात लावून हाळी दिली, "ए पल्लवीचे माय, पोर उठली गंऽऽ!" दाजी, खडीच्या ढिगावर चार-पाच हातोडे एकदम थांबले. तिकडून कुणीतरी ओरडून विचारलं, "कोनची?" म्हातारी म्हणाली, "खालच्या फांदीची!" मग एक बाई आली आणि बाकीचे हातोडे पुन्हा चालू झाले.

तिनं दिलेला तांब्या माझ्या हातात कलंडला, पाणी व्यंकटीनं वाचवलं. मी कसंबसं विचारलं, आजी, हे नाव कुणी सुचवलं? "यष्टीतला एक मास्तर हाय म्हनं. लई शाना. आख्ख्या जिल्ह्यात कुनाचं न्हाई म्हनला त्यो, म्हनून समद्यांनी ठिवलं." मग तिनं माझ्या गळ्यातली पिशवी न्याहाळली. "तुमीच का वो त्ये?" मी नाही म्हणालो. अंगावर खाकी कपडे, गळ्यात चामडी पिशवी, पुढं धुरळ्यात उभी मोटार, आणि मी नाही म्हणालो.

त्यानंतर थांब्याथांब्यावर तेच. खिडकीतून लेकरू आत सरकवून बाया म्हणायच्या, बघा मास्तर, ही आमची पल्लवी. जिल्ह्याच्या ठिकाणी शोभंल न्हवं? मी शोभंल म्हणायचो आणि तिकीट चुकीचं फाडायचो. घरी काय तोंड दाखवू? सासूबाई रोज विचारायच्या, खात्री झाली का. मी म्हणायचो, चाललीय. (पाहुणी तेव्हा उशीला टेकवून बसवली की पाच-दहा श्वास बसायची आणि कलंडायची. ती कलंडली की माझं काळीज तिच्या आधी खाली पडायचं.)

आणि मागच्या आठवड्यात तिला ताप भरला. पहिल्या दोघांना भरला होता तसाच, अचानक, भर दुपारी. आम्ही तिघं तिला घेऊन दवाखान्यात पळालो. कंपाउंडरनं लेकराचं नाव विचारलं. सासूबाई म्हणाल्या, पाहुणी. तो म्हणाला, आजी, पाव्हनी कुनाची बी असंल, नाव सांगा. पोरीचं अंग तव्यासारखं लागत होतं. गुणानं एकदा आईकडं पाहिलं, एकदा पोरीकडं, आणि मोठ्यानं म्हणाली, पल्लवी. सासूबाईंनी तोंडावर पदर दाबला. कंपाउंडर मान वर न करता म्हणाला, "आडनाव सांगा आडनाव. ह्या उन्हाळ्यात पल्लव्याच येऊन राहिल्यात."

सासूबाईंनी माझ्याकडं नुसतं बघितलं. मी तिथंच, रांगेत, सगळं ओकलो. मला वाटलं आता या मला लातूर काय, उस्मानाबाद जिल्ह्यातही ठेवत नाहीत. पण त्या सरळ कंपाउंडरपुढं जाऊन उभ्या राहिल्या आणि विचारलं, "त्या बाकीच्या पोरींचं काय झालं?" त्याला वाटलं, म्हातारी घाबरली आहे. तो म्हणाला, "ऊन बाधलं व्हतं, बऱ्या झाल्या समद्या. पल्लवी नावाची एक बी दगावली न्हाई आजी, जावा बसा." सासूबाई पायरीवर जाऊन बसल्या. मग म्हणाल्या, "अय्यो, म्हंजी ह्या नावाचं मेलेलं कुनीच न्हाई. समदी जितीच हायत." आणि लहान पोरीसारख्या रडल्या.

ताप तिसऱ्या दिवशी उतरला. पण दाजी, माझं काय झालं ते ऐका. आधी मला एका पोरीची भीती होती. आता प्रत्येक थांब्यावर गाडी थांबली की तिकिटाआधी मी विचारतो, तुमची पल्लवी बरी आहे का? खोकते का? उन्हात नेऊ नका. एकीला जरी काही झालं तरी ते नाव पुन्हा आपल्या जुन्या नावांसारखं होईल. गाडी रोज उशिरा पोचते आणि व्यंकटी म्हणतो, मास्तर, तुमी मोटार चालवता का बालवाडी? भित्र्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठी पाळणे लागले आहेत.

बाकी क्षेम. चूकभूल पोटात घालावी.

आपला आज्ञाधारक मेहुणा,
मन्मथ

ता. क. तुमच्या सुनेला दिवस गेल्याचं कळलं, आनंद झाला. कुणाचंच नसलेलं नाव शोधणार असाल तर मला सांगू नका. पुढच्या महिन्यापासून माझी ड्यूटी अर्धापूर मार्गावर आहे.

(आणखी एक ता. क. हा सगळाच कंसात आहे आणि इतका वेळ खोकणं तुम्हाला जमणार नाही, तेव्हा पाणी प्यायला म्हणून उठा. दाजी, अक्का रुसलेली नाही, ती घाबरली आहे. आम्ही एका आईची लेकरं, ही भीती मला लांबून ओळखू येते. दोन्ही वेळा आत्या म्हणून लेकराच्या कानात नाव तिनंच सांगितलं, पाठीत बारशाच्या रीतीचे धपाटेही तिनंच खाल्ले. दुसरी गेली त्या दिवशी सासूबाई दारात बोलून गेल्या, नाव सांगनारीचं तोंड बघा आधी. अक्का आत होती. तेव्हापासून तिचे गुडघे दुखतात. आता सासूबाई स्वतः म्हणतात, आत्याशिवाय नाव कानात जात न्हाई, बोलवा तिला, तिच्या गुडघ्यांना मी तेल लावते. कसंही करून तिला आणा. एवढ्यासाठीच पत्र लिहायला बसलो होतो, बाकीचं आपोआप लिहून झालं.)

ता. क. धीर होईना म्हणून पत्र चार दिवस पिशवीतच राहिलं. आज ड्यूटीवरून आलो, पिशवी खाली ठेवली, तर पोरगी तिचा पट्टा ओढायला उठली आणि बसली. उशी नाही, भिंत नाही. आम्ही तिघं बघत राहिलो, ती आपली पट्टा चघळत बसलेली. नाव दवाखान्यात सांगून झालं असलं तरी कानात अजून गेलेलं नाही, आणि गुणा म्हणते, आत्या येईपर्यंत ही पाहुणीच.

दाजी, आता हे पत्र अक्काला पहिल्यापासून पुन्हा वाचून दाखवा. कंसांसकट. खोकू नका.