कमरेएवढ्या उंचीचा दोर

मी, खाली सही करणार, वय वर्षे त्र्याऐंशी, नौदलाच्या इंजिनरूममधून निवृत्त झालेला कारागीर, पूर्ण शुद्धीत आणि स्वखुशीने ही माझी शेवटची इच्छा लिहून ठेवत आहे. दबाव आला नाही असे नाही. मी त्याला भीक घातली नाही. डॉक्टरांनी मला तपासले आहे. शंभरातून सात-सात वजा करत जा म्हणाले. मी दोनपर्यंत पोहोचलो आणि पुढे काय करू, असे विचारले. तेव्हा बाबांचे डोके फिरले आहे, हे सांगत फिरणे थोरल्याने आता थांबवावे.

१. राहते घर, अंगणासह, माझ्यामागे माझ्या पत्नीचे, पूर्ण मालकीने. तिच्या मर्जीशिवाय ते विकू नये, भाड्याने देऊ नये, आणि "नुसती मापे घेऊन ठेवतो" म्हणत कोणाला आतही आणू नये. मागच्या महिन्यात थोरल्याने असा एक टेपवाला आणला होता. मी त्याला चहा पाजला आणि फाटकापर्यंत पोहोचवून आलो.

२. बिछान्यापासून न्हाणीघर, तिथून स्वयंपाकघर आणि मागच्या दारापर्यंत भिंतीला दोर बांधलेला आहे, तो काढू नये. सहा वर्षांपूर्वी हिची नजर गेली. जहाजात धूर कोंडला की आम्ही दोर धरून बाहेर पडायचो. एक गाठ म्हणजे दार, दोन म्हणजे पायरी. तसाच दोर मी घरी बांधला, तोही जहाजातल्यासारखा गुडघ्याच्या उंचीवर, कारण धुरात माणूस रांगतो. हिने चाचपून पाहिले आणि म्हणाली, "म्हणजे आता चहा करायला मी रांगत जायचं?" सत्तावीस वर्षांच्या नोकरीत कोणत्याही अधिकाऱ्याने माझी इतकी ढळढळीत चूक काढली नव्हती. सगळे हूक उपटून दोर तिच्या कमरेएवढा वर घेतला.

३. थोरल्याबद्दल. दोन वर्षांपूर्वी त्याच्या ऑफिसातली माणसे जेवायला येणार होती. मी औषधे आणायला गेलो असताना त्याने दोर सोडून माळ्यावर टाकला. घर गोदामासारखे दिसते म्हणे. हिने सवयीने हात टाकला, हाती काही लागले नाही, आणि पायरीवरून पडून मनगट मोडले.

"आई, हाक मारायचीस ना," तो म्हणाला.

"माझ्या घरात चालायला मी हाक कशाला मारू?"

हिने त्याला त्याच दिवशी माफ केले, तो तिचा प्रश्न. मी केलेले नाही. तरीही माझी पदके त्यालाच द्यावीत. लहानपणी तो ती शाळेत मिरवायला न्यायचा, हे मी विसरलेलो नाही.

४. पाने, पकडी, कानशी, सगळी हत्यारे धाकटीला. जावईबापूंनी त्यांना हात लावू नये. त्यांनी नळ दुरुस्त केला की प्लंबर बोलवावा लागतो. पेटीच्या झाकणात आतून एक कागद चिकटवलेला आहे: "मुलगी. दोघी खुशाल." तिच्या जन्माचा हा निरोप मला जहाजावर मिळाला. थोरल्याच्या वेळीही मी समुद्रावरच होतो. मुलांचे ताप, दात, परीक्षा हिने एकटीने काढल्या. मी सुट्टीवर आलेला पाहुणा. म्हणून कलम एक ही मेहेरबानी समजू नये.

५. शेजारच्या मुख्याध्यापकांनी अकरा वर्षांपूर्वी नेलेली शिडी त्यांच्याकडेच राहू द्यावी. ती माझी आहे, एवढे मात्र त्यांना सांगावे.

६. मी गेल्यावर "थोडे दिवस आमच्याकडे चल" म्हणून हिची बॅग परस्पर कोणी भरू नये. तिला जायचे असेल तर ती सांगेल. तिला तोंड आहे.

इथवर लिहून मी हिला वाचून दाखवले. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "आणि मी आधी गेले तर?" एवढे सगळे लिहिताना ही गोष्ट माझ्या डोक्यातच आली नव्हती.

७. ती माझ्याआधी गेली, तर घराबद्दलची सगळी कलमे रद्द समजावीत. घर विकून टाकावे. मला कुठे ठेवायचे ते थोरल्याने ठरवावे. मी हुज्जत घालणार नाही.

स्थळ: राहते घर, स्वयंपाकघर
तारीख: ९ ऑक्टोबर २०२३

साक्षीदार:
१. डॉक्टर (सही)
२. शेजारी, निवृत्त मुख्याध्यापक (सही)

लिहून ठेवणार: हिचा नवरा, दोन मुलांचा बाप, निवृत्त नौसैनिक (सही)