माझ्या मेंदूच्या सुबक रक्तवाहिन्या

२ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. नियमित. प्रोग्राम तयार झाला! डोक्याचा स्कॅन आत टाकायचा, चहा संपायच्या आत तो सगळ्या रक्तवाहिन्या लाल रंगात वेगळ्या काढून देतो. अचूकता सत्त्याण्णव टक्के. हॉस्पिटलातल्या रेडिऑलॉजिस्ट बाई हेच काम माउसने रेघा ओढत दुपारभर करतात. स्क्रीनला नाक लावून बसतात, म्हणून मी त्यांना भिंगबाई म्हणतो. नाव फार जमलं आहे. ऑफिसात अजून कुणी हसलेलं नाही.

५ फेब्रुवारी
भिंगबाईंनी खुसपट काढलंच. म्हणे आजार उरलेल्या तीन टक्क्यांतच असतो. रक्तवाहिनीला कुठेतरी बारीक फुगा येतो, तो फुटला की माणूस गेला. आणि तुमची 'सफाई' नेमके फुगेच तासून टाकते. सफाई ही माझी खास भर. ती नसली तर चित्र गाठीगाठींचं, ओबडधोबड दिसतं. आमच्या कंपनीच्या साहेबांना गुळगुळीत आवडतं. बाईंची नोकरी जाणार, पोटात दुखणारच. सफाई आणखी वाढवली.

९ फेब्रुवारी
डावी पापणी उतरली आहे. अतिश्रम, दुसरं काय. आरशात पाहिलं. जरा विचारवंतासारखा दिसतो. बायको म्हणाली की पेंगुळलेल्या म्हशीसारखा. कौतुक म्हणून नाहीच. डोळ्यामागे ठणका. संकल्प: रोज पहाटे फिरायला जाणे.

१० फेब्रुवारी
फिरणे उद्यापासून.

१२ फेब्रुवारी
बायकोनं डॉक्टर, डॉक्टर करत पिच्छा पुरवला. शेवटी वैतागून हॉस्पिटलात डोक्याचा स्कॅन काढून घेतला. पण काय कल्पना सुचली! हॉस्पिटलनं प्रोग्राम विकत घ्यावा म्हणून सोमवारी डेमो आहे, त्यात हाच स्कॅन दाखवायचा. कर्त्याचंच डोकं पडद्यावर! साहेब बेहद्द खूश. प्रोग्राममधून काढून पाहिला: सगळं स्वच्छ, एक गाठ नाही. बायकोला फोटो दाखवला. ती म्हणाली, मग पापणी का पडली तेही विचार त्याला. हिच्याशी शास्त्र बोलून उपयोग नाही.

१४ फेब्रुवारी
भिंगबाईंचे सकाळपासून फोन. घेतले नाहीत. डेमोच्या तोंडावर माझा धीर खचवायचा डाव, न कळायला मी काय कुक्कुलं बाळ आहे? दुपारी बायकोनं घेतला. म्हणे डाव्या बाजूला फुगा आहे, आजच भरती व्हायला सांगितलंय. मी म्हणालो, सोमवारनंतर बघू. ती रडत रडत म्हणाली की फुगा तुझ्या सोमवारसाठी थांबणार आहे का? नाटकी स्वभाव.

१६ फेब्रुवारी, दुपार
डेमो. माझं डोकं भिंतभर. लाल, गुळगुळीत, देखणं. सर्जन आणि साहेब पुढे बसलेले. टाळ्या चालू असतानाच भिंगबाई उठल्या आणि त्यांनी हातानं रेखलेलं चित्र शेजारी लावलं. त्यात वाटाण्याएवढं काहीतरी टपोरं आलेलं. मी म्हणालो, तो मशीनचा कचरा. म्हणता म्हणता मला दोन भिंगबाई दिसायला लागल्या. दोघीही माझी कीव करत होत्या. मला धरून खुर्चीत बसवलं. डेमो एकंदरीत चांगला झाला.

१७ फेब्रुवारी, हॉस्पिटल
सर्जन तपासायला आले. मागोमाग साहेब, एका हातात गुच्छ, दुसऱ्यात खरेदीचे कागद. सर्जन गोड आवाजात म्हणाले की माझ्यापुढे दोन चित्रं आहेत. तुमच्या प्रोग्रामप्रमाणे तुम्हाला काहीही झालेलं नाही. ते खरं असेल तर उठा, कपडे घाला आणि घरी जा. बाईंच्या चित्राप्रमाणे उद्या कवटी उघडून फुग्याला क्लिप लावायला हवी. कुठलं धरू?

साहेब भुवया उडवून मला खुणावत होते. मला बोलायचं होतं. तांत्रिक मुद्दे होते, चांगले होते. तोंडातून एवढंच आलं की बाईंचं. सर्जन म्हणाले, नीट ऐकू आलं नाही. मग मी ओरडलो: बाईंचं, बाईंचंच धरा हो, पाया पडतो! सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. भिंगबाईंनी मान खाली घातली. सर्जननी साहेबांचे कागद न उघडताच परत केले. साहेब गेले, गुच्छही घेऊन गेले.

बायकोनं माझी चादर सारखी केली. मग म्हणाली, म्हणजे दुसऱ्यांच्या डोक्यांना तुझा प्रोग्राम चालला असता.

यावर माझ्याकडे उत्तर होतं. तेवढ्यात डोकं भादरायला माणूस आला.