झरोका ओट्यावर उघडते

अहो,

मी पातूरले मायकडे चालली. वरण अन् पोळ्या ओट्यावर झाकून हायेत, दूध तापवून घेजा. कोनी विचारलं तं मायचे डोळे दाखवायले गेली म्हना.

खरं कारण तुमचा तो घाम काढाचा सौना हाय. माह्या शिलाई मशीनची खोली तुमी अन् तुमच्या दोस्तानं, ताहेरभाऊनं, फळ्या ठोकून भट्टी करून टाकली, तेही मी चालवून घेतलं. पण हवेसाठी ठेवलेला झरोका माह्या गॅसवरच उघडते, हे दोघंही इसरले.

तुमचे बाबा गेले तवा तुमच्या डोळ्यातून टिपूस आला नाही. माती झाल्यावर मी तुमचा हात धरून बसली, तं तुमी म्हनले, "मले काही झालं नाही." अन् काल त्याच बाबाचं नाव घेऊन तुमी आतमंदी ताहेरभाऊपाशी ढसाढसा रडले. फोडणीतला कांदा जळून कोयसा झाला, पण माहा हात हालला नाही.

आतली बसाची फळी दोघांपुरतीच हाय. ताहेरभाऊले म्हना, या रविवारी तुमच्याच घरी राहा. मी परत येऊन त्या जागी बसीन.

रडाचं काही राह्यलं असन, तं माह्यासाठी ठेवजा.

ज्योत्स्ना